न टिकलेली मुले

आपल्या महाविद्यालयातील प्रवेश-अर्जांचा गठ्ठा कुणी चाळला, तर वडिलांच्या नि आजोबांच्या नावांच्या जागी धोंडीबा, दगडू, केरबा, नथू, भिका ही नावे त्याला अजूनही सापडतील. हजेरीच्या वेळी असे एखादे नाव पूर्ण वाचले गेले, की मागच्या बाकांवर खसखस पिकते. पण ही नावे कुणी गमतीने ठेवलेली नसतात. आधीची मुले गेली, की पुढच्या मुलाला धोंडा म्हणायचे, केर म्हणायचे, म्हणजे मृत्यूची नजर त्याच्यावर पडत नाही. कुणाकडून तरी भीक म्हणून मागून आणल्यासारखे करायचे आणि त्याला भिका म्हणायचे. नाक टोचून ही मुलगीच आहे असे भासवायचे आणि नथू म्हणायचे. म्हणजे यांतले प्रत्येक नाव ही एखाद्या दुसऱ्या मुलाच्या मृत्यूची नोंद असते. फक्त त्या दुसऱ्याचे नाव तीत नसते.

माझ्या वडिलांचे नाव याच पंक्तीतले. त्यांच्या आधी आजीला दोन मुलगे झाले होते. पहिला १९७२ च्या दुष्काळात, दुसरा त्यानंतर दोन वर्षांनी. दोघेही वर्षाच्या आतच गेले. आमच्याकडे 'मुले गेली' असेही कुणी म्हणत नाही. 'टिकली नाहीत' म्हणतात. लोणचे टिकते, ज्वारी टिकते, छपरावरचे पाचट टिकते, तसेच मूल टिकते किंवा टिकत नाही. या शब्दात 'का' असे विचारायला जागाच नाही.

हा 'का' मला भेटला तो मानसशास्त्राच्या तासाला. तान्ह्या मुलाला स्पर्शाची गरज किती असते, हे शिकवताना मॅडमनी डेव्हिड नावाच्या मुलाची हकिकत सांगितली. आजीचा पहिला मुलगा जन्मला त्याच्या आदल्या वर्षी, २१ सप्टेंबर १९७१ रोजी, अमेरिकेतील टेक्सास राज्यात, ह्यूस्टन शहरात हा मुलगा जन्मला. जन्मल्यावर काही सेकंदांतच त्याला प्लॅस्टिकच्या निर्जंतुक कक्षात ठेवण्यात आले. दूध, लंगोट, खेळणी, सारे काही निर्जंतुक करून आत जायचे. बाप्तिस्म्याचे पवित्र पाणीसुद्धा तसेच करून घेतले होते. आई त्याला घ्यायची ती कक्षाच्या भिंतीत बसवलेल्या रबरी हातमोज्यांतून. त्याच्या आधीचा मुलगा सात महिन्यांचा होऊन गेला होता, आणि पुढचा मुलगा झाला तर त्यालाही तोच आजार असण्याची शक्यता निम्मी आहे, असे डॉक्टरांनी आईबापांना सांगितले होते. म्हणून ही तयारी जन्माच्या आधीपासूनच होती.

तास संपला, पण माझ्या डोक्यातून तो मुलगा जाईना. ग्रंथालयात जे मिळाले ते वाचले, जे कळले नाही ते विज्ञान शाखेच्या सरांना विचारले. कलाशाखेची मुलगी रक्तपेशींविषयी विचारते, याचे त्यांना नवल वाटले असावे. पण त्यांनी दोन दुपारी बसून सगळे समजावून दिले.

प्रत्येक बाळ जन्मताना आईकडून थोडी शिदोरी घेऊन येते. गर्भात असताना वारेतून आईच्या रक्तातील प्रतिद्रव्ये बाळाच्या रक्तात उतरतात आणि पहिले काही महिने तीच त्याचे रक्षण करतात. चौथ्या-सहाव्या महिन्यापर्यंत ही शिदोरी सरत येते. तोवर बाळाच्या शरीरात स्वतःच्या संरक्षक पेशी कामाला लागलेल्या असतात. पण काही मुलांच्या बाबतीत जनुकातील दोषामुळे या पेशी तयारच होत नाहीत, किंवा झाल्या तरी काम करीत नाहीत. अशा उपजत आजारांचे प्रकार पुष्कळ आहेत. त्यांतला सर्वांत घातक तो 'स्किड' या संक्षिप्त नावाने ओळखला जातो. बाळ जन्मताना दिसायला अगदी निरोगी असते. मग तोंड येते, हगवण लागते, खोकला धरतो, बाळसे उतरते. आपण ज्याला साधी सर्दी म्हणतो, तीही अशा मुलाचा जीव घेऊ शकते. उपचार न मिळाल्यास बहुतेक मुले पहिल्या-दुसऱ्या वर्षातच जातात. १९५० साली स्वित्झर्लंडमधील दोन डॉक्टरांनी अशा मुलांचे पहिले वर्णन केले, तेव्हा वर्णनापलीकडे त्यांच्याही हाती काही नव्हते.

उपाय निघाला तो १९६८ साली, अमेरिकेतील मिनियापोलिस येथे. रॉबर्ट गुड या डॉक्टरांकडे पाच महिन्यांचे एक मूल आले. त्याच्या आईकडच्या नात्यातले अनेक मुलगे तान्हेपणीच गेले होते. गुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच्या बहिणींपैकी एकीची अस्थिमज्जा काढून त्याला दिली. मज्जा म्हणजे काय, हे आपल्याकडे वेगळे सांगायला नको. मटणाच्या नळीतून आपण जी चोखून काढतो, तीच. तिच्यात मूलपेशी असतात, आणि रक्तातील साऱ्या पेशी, तांबड्या काय नि पांढऱ्या काय, त्यांच्यापासूनच तयार होतात. बहिणीच्या मूलपेशी भावाच्या हाडांत रुजल्या. पुढे त्याचे रक्तच बंद पडू लागले, तेव्हा त्याच बहिणीची मज्जा पुन्हा एकदा दिली. अखेर त्याचा रक्तगटसुद्धा बदलून बहिणीचा झाला. तो मुलगा वाचला, मोठा झाला. रक्ताचे नाते हा शब्द आपण किती सैलपणे वापरतो, असे हे वाचताना मला वाटले!

मला सर्वांत नवल वाटले ते हे, की ज्याला मज्जा द्यायची त्याच्यावर शस्त्रक्रिया अशी होतच नाही. देणाऱ्याला भूल देऊन त्याच्या कमरेच्या हाडातून सुईने मज्जा ओढून घेतात. काही आठवड्यांत त्याची ती भरूनही येते. घेणाऱ्याला मात्र ती पिशवीतून रक्त चढवतात तशी शिरेतून चढवायची. पेशी आपली वाट आपण शोधतात आणि हाडांच्या पोकळीत जाऊन वस्ती करतात. कलम धरले की नाही, हे कळायला दोन-चार आठवडे जातात. पुष्कळ मुलांना त्याआधी तीव्र औषधे देऊन हाडांत जागा मोकळी करावी लागते. 'स्किड' असलेल्या मुलाला सख्ख्या भावंडाची जुळणारी मज्जा मिळाली, तर बहुधा तीही गरज पडत नाही. नव्या पेशींना विरोध करायला त्याच्याकडे सैन्यच नसते. धोका असतो तो उलट्या बाजूने. आलेल्या पेशींना हे शरीर परके वाटले, तर त्याच त्याच्यावर तुटून पडतात. कातडी, आतडी, यकृत, सारे पोळून काढतात.

म्हणून जुळणी पाहावी लागते. पेशींवरच्या ओळखीच्या खुणा असतात, त्यांना एचएलए म्हणतात. त्यांतली पहिली खूण झां दोसे या फ्रेंच डॉक्टरांनी १९५८ साली शोधली, आणि पुढे १९८० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. या खुणांचा एक संच आईकडून येतो, एक वडिलांकडून. आईच्या दोन संचांपैकी कोणता आणि वडिलांच्या दोहोंपैकी कोणता, यावर सारे अवलंबून. त्यामुळे सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारांत एक. आई किंवा वडील मात्र नेहमी निम्मेच जुळतात. पत्रिका घेऊन छत्तीस गुणांसाठी दारोदार फिरणाऱ्या आपल्या लोकांना ही जुळवाजुळव समजायला अवघड जाऊ नये.

डेव्हिडला एक थोरली बहीण होती. तिची मज्जा जुळेल आणि तो थोड्याच दिवसांत कक्षाबाहेर येईल, अशी आशा होती. ती जुळली नाही. मग 'थोडे दिवस' वाढत गेले. तो बोलायला शिकला, वाचायला शिकला, सारे त्या प्लॅस्टिकच्या आतून. १९७७ साली 'नासा' या अवकाश संस्थेने त्याच्यासाठी खास पोशाख तयार केला. तो घालून तो पहिल्यांदा बाहेर चालला, आणि आईने त्याला पोशाखासकट उचलून घेतले. पण पोशाख थोड्याच वेळा वापरला गेला, आणि मूल वाढत राहिले.

निम्म्याच जुळणाऱ्या मज्जेतून उलटणाऱ्या पेशी आधीच काढून टाकण्याची पद्धत १९८० च्या सुमारास निघाली. ऑक्टोबर १९८३ मध्ये बहिणीचीच मज्जा अशी शुद्ध करून डेव्हिडला देण्यात आली. पेशी उलटल्या नाहीत. पण त्या मज्जेत एपस्टाइन-बार नावाचा विषाणू झोपलेला होता. आपल्यापैकी बहुतेकांच्या अंगात तो असतो आणि काही करीत नाही. डेव्हिडच्या शरीरात त्याला अडवणारे कुणीच नव्हते. त्यातून कर्करोग उसळला. ७ फेब्रुवारी १९८४ रोजी त्याला कक्षातून बाहेर काढले, तेव्हा आईने त्याच्या कातडीला प्रथम हात लावला. पंधरा दिवसांनी, २२ फेब्रुवारीला, बाराव्या वर्षी तो गेला. त्याच्या आजाराचे जनुक सापडले ते १९९३ साली.

हे सगळे योग्य होते का, असे मॅडमनी वर्गात विचारले होते. बराच वाद झाला. मूल जगवण्याच्या नावाखाली त्याला पिंजऱ्यात कोंडले, असे बहुतेकांचे मत पडले. एकीने तर डेव्हिडच्या आईबापांना निष्ठुर ठरवले. तास त्यावरच संपला.

घरी गेल्यावर मी ती हकिकत आजीला सांगितली. ती ज्वारी पाखडत होती. ऐकता ऐकता तिचे सूप थांबले.

"बारा वरसं आईनं हात न्हाय लावला?"

"नाही. शेवटी पंधरा दिवस."

ती पुष्कळ वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "पर बारा वरसं बगाया तरी मिळाला."

वर्गातल्या त्या सगळ्या चर्चेत हे कुणाला सुचले नव्हते. त्या दिवशी आजी पहिल्यांदाच आपल्या दोन मुलांविषयी बोलली. पहिला चांगला बाळसेदार होता. पाचव्या महिन्यापासून सुकायला लागला. तोंड आले, हगवण लागली, मग खोकला. दुसऱ्याचेही तसेच. त्यांच्यासाठी नवस झाले, अंगारे झाले. दुसरा गेल्यावर, ही सूनच पांढऱ्या पायाची, असे भावकीत उघड बोलले गेले.

माझे कान टवकारले गेले, हे कबूल. पण दुष्काळातले पाणी कसले, नि दवाखाना किती कोसांवर! १९७१ साली आपल्या देशात जन्मणाऱ्या दर हजार मुलांपैकी सुमारे १२९ मुले वर्षाच्या आत जात होती, आणि त्यांतली बहुतेक हगवण, गोवर, न्यूमोनिया अशा सर्वपरिचित कारणांनी. 'स्किड' फार विरळा. अमेरिकेत सरसकट तपासणी सुरू झाल्यावर सुमारे ५८ हजार जन्मांत एक, असे प्रमाण आढळले. आजीच्या मुलांना काय झाले होते, हे आता कुणीच सांगू शकणार नाही. तरी दोन गोष्टी मनातून जात नाहीत. आजी ही आजोबांच्या सख्ख्या मामाची मुलगी. जवळच्या नात्यात लग्न झाले, की एकच दडलेला दोष आई नि वडील या दोघांकडूनही मुलात येण्याची शक्यता वाढते. आणि गेले ते दोघेही मुलगे होते. डेव्हिडला होता तो दोष 'एक्स' गुणसूत्रावर असतो. बाईजवळ 'एक्स' दोन असतात. एक बिघडला तरी दुसरा सांभाळून घेतो, आणि तिला स्वतःला काहीच होत नाही. मुलाजवळ एकच असतो, तो आईकडून आलेला. त्यामुळे मुलगे जातात, काही वाचतात, मुली धडधाकट राहतात, आणि त्यांच्यातून तो दोष गुपचूप पुढच्या पिढीत जातो.

हे आजीला कसे सांगायचे? ज्या बाईने अर्धे आयुष्य 'पांढऱ्या पायाची' हा शब्द सोसला, तिला मी शिकून येऊन सांगायचे, की कदाचित ते तुझ्याकडूनच आले होते? शास्त्राने दिलेले उत्तर आणि भावकीने दिलेली शिवी यांत तिला फरक दिसेल का? मी आठ दिवस गप्प राहिले. राहिलेही असते. पण आमच्या आत्याच्या मुलीला दिवस गेलेले आहेत, आणि आत्या आजीची मुलगी.

इथे थोडे आकडे सांगणे भाग आहे. अमेरिकेत २००० ते २००९ या काळात प्रत्यारोपण झालेल्या २४० मुलांचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना साडेतीन महिन्यांच्या आत मज्जा मिळाली, त्यांच्यापैकी ९४ टक्के मुले पाच वर्षांनंतरही जिवंत होती. जी उशिरा आली, आणि आली तीही अंगात जंतुसंसर्ग घेऊन, त्यांच्यापैकी निम्मीच वाचली. म्हणजे उपाय तोच, डॉक्टर तेच. फरक पडतो तो काही महिन्यांचा. म्हणूनच २००८ साली विस्कॉन्सिन राज्याने प्रत्येक नवजात बाळाच्या टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन ही तपासणी सुरू केली, आणि २०१८ अखेर ती अमेरिकेच्या सर्व राज्यांत पोचली.

आपल्याकडे काहीच नाही, असे मुळीच नाही. डेव्हिडला मज्जा दिली त्याच वर्षी, १९८३ मध्ये, मुंबईच्या टाटा रुग्णालयात देशातले पहिले अस्थिमज्जा प्रत्यारोपण झाले. ते रक्ताच्या कर्करोगासाठी होते. आज अशा मुलांसाठीही आपल्या देशात प्रत्यारोपण होते. परळला के. ई. एम. रुग्णालयाच्या आवारात राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तशास्त्र संस्था आहे. तेथे या आजारांचे नेमके निदान होते. केंद्र सरकारच्या २०२१ च्या दुर्मिळ आजारांविषयीच्या धोरणात 'स्किड' चे नाव आहे. त्या धोरणाखाली मिळणारी मदत आधी २० लाखांपर्यंत होती, ती २०२२ साली ५० लाखांपर्यंत वाढवली. नाही ती टाचेतल्या थेंबाची सरसकट तपासणी. शिवाय आपल्याकडे प्रत्येक बाळाला जन्मतःच क्षयाविरुद्ध बीसीजीची लस टोचतात. ती टोचायलाच हवी. क्षय आपल्या उंबऱ्याशीच बसलेला आहे. पण त्या लशीत जिवंत जंतू असतात. निरोगी बाळाचे त्याने काही बिघडत नाही, मात्र ज्याच्याकडे संरक्षक पेशीच नाहीत, त्याच्या अंगभर ते पसरतात. म्हणून घरात पूर्वी तान्ही मुले अशी गेली असतील, तर डॉक्टर आधी बाळाचे रक्त पाहतात आणि मग लस देतात. रक्तातल्या पांढऱ्या पेशींपैकी लिम्फोसाइट फार कमी आहेत का, एवढे तरी साध्या तपासणीत दिसते, आणि ती तालुक्याच्या गावी होते.

पण डॉक्टरांना हे कळणार कसे? डेव्हिडच्या वेळी कळले होते, मिनियापोलिसच्या त्या बाळाच्या वेळी कळले होते, कारण कुणीतरी सांगितले होते, की आमच्या घरात मुलगे जातात. आमच्याकडे हे सांगत नाहीत. ताईच्या तपासणीच्या कार्डावर घराण्यातल्या आजारांविषयी जागा आहे. तिथे आत्याने 'काही नाही' असे लिहायला लावले होते. मी सगळे समजावून सांगितल्यावर आत्या नुसती खाली बघत राहिली. ताई मात्र स्पष्ट बोलली. "सासूबाईंना कळलं, तर उद्या बाळाला नुसता ताप आला तरी बोल माझ्याच माहेरावर येईल. तू येशील का तेव्हा तुझी पुस्तकं घेऊन?" तिचे काही चुकत नव्हते. मला उत्तर देता आले नाही.

अखेर मी आजीलाच सांगितले. 'एक्स' वगैरे सोडून दिले. एवढेच म्हटले, की असा एक आजार असतो, तो आईच्या अंगातून येऊ शकतो, तिला स्वतःला तो कधी कळत नाही, आणि आता त्याला औषध आहे. पण बाळ सुकायच्या आधी कळले तरच.

"म्हंजे खोट माझ्यात हुती?"

"असेल किंवा नसेलही. असली तरी तुझ्या आईकडून आली असेल, तिच्या आईकडून तिला. ती कुणी केलेली नसते, आजी."

तिने पदराने तोंड पुसले. "आन् आता औषद हाय म्हंतीस."

"आहे."

"मंग मीच येते दवाखान्यात. तुला सांगाया यायचं न्हाय."

गेल्या महिन्यात ती ताईबरोबर गेली. ताईच्या सासूबाईही होत्या. मी दाराशी उभी होते. डॉक्टरीणबाईंनी विचारले, मुले किती महिन्यांची असताना गेली? पन्नास वर्षे झालेली. मला वाटले, आजी आठवेल, अडखळेल. ती लगेच म्हणाली, "पयला पाच म्हैने नि अकरा दिस. दुसऱ्याचं उष्टावण झालं हुतं." मग लग्न नात्यातले का, ते विचारले. मग बहिणींच्या मुलांचे विचारले. तेव्हा कळले, की आजीच्या थोरल्या बहिणीचाही एक मुलगा असाच गेला होता. हे आत्यालाही ठाऊक नव्हते. सासूबाई काहीच बोलल्या नाहीत. परतताना एस. टी. त त्या आजीशेजारी बसल्या, नि काय बोलत होत्या ते मागे ऐकू आले नाही.

ताईच्या कार्डावर आता लाल शाईने दोन ओळी आहेत. बाळ जन्मल्याबरोबर रक्तातील पांढऱ्या पेशी मोजाव्यात. तोवर बीसीजी थांबवावे. ताईला परवा आठवा महिना लागला.